गार इंजिन

माझी नणंद जुनं मशीन बघायला जाते तेव्हा आधी कोणाला काही विचारत नाही. ना किंमत, ना कंपनी, ना किती वर्षं वापरलं. सरळ आत जाते आणि इंजिनावर उजवा तळहात ठेवते. विकणारा मागून "या, बसा, चहा सांगू का" करत असतो आणि ही डॉक्टरीण नाडी बघते तशी डोळे मिटून उभी. हाताला गार लागलं तर पुढचं बोलणं. कोमट जरी लागलं, तरी खिशातल्या फडक्याला हात पुसते आणि आल्या पावली परत फिरते.

तिचं म्हणणं असं, की गार इंजिन खोटं बोलत नाही. रात्रभर उभ्या असलेल्या मशीनला सकाळी पहिली किल्ली लावली की त्याचं सगळं खरं बाहेर पडतं. बॅटरीत दम आहे का, धूर काळा की निळा, आत काही खडखडतंय का. तेच अर्धा तास आधी चालवून ठेवलं, की म्हातारं इंजिनसुद्धा नवऱ्या मुलासारखं हसत उभं राहतं. तेव्हा गिऱ्हाईक यायच्या आधी ज्याने इंजिन तापवलं, त्याला काहीतरी झाकायचंय. एवढा साधा नियम.

या वर्षी तिचा हा नियमच एका माणसाने तिच्यावर उलटवला. नाव सांगत नाही, कारण तो माझा नवरा आहे आणि त्याचं नाव मनात आलं तरी माझ्या हातातलं भांडं जोरात आदळतं. मी त्याला 'हे' म्हणते. रागातसुद्धा तोंडात 'हे'च येतं. वीस वर्षांची सवय, दुसरं काय.

ताई, म्हणजे माझी नणंद, यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. सव्वीस वर्षं ती एका खिडकीत बसली. शेतीच्या यंत्रांचं मोठं वर्कशॉप होतं, तिथे सुटे भाग द्यायची खिडकी. बाहेर रांग, आत ती, आणि तिच्या मागे छतापर्यंत लोखंडी खण. माणसं तुटलेला तुकडा फडक्यात बांधून आणायची. ती तो हातात फिरवायची आणि म्हणायची, "हा मोडलेला नाही. मोडेपर्यंत चालवलाय." लोक तिला खिडकीताई म्हणायचे, पण पाठीमागे. तोंडावर काही बोलायची कोणाची टाप नव्हती. माणसांचे चेहरे तिच्या लक्षात राहायचे नाहीत, मशीनं राहायची. हा दर मोसमात क्लच जाळतो. याला पट्टे पुरत नाहीत, म्हणजे पुली वाकडी आहे, पण ऐकेल तर शपथ. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, "दिवसभर मोडलेल्या वस्तू बघते. घरी आणखी एक कशाला?"

दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली आणि सासऱ्यांची नऊ एकर तिने स्वतः करायला घेतली. जमीन दोघा भावंडांची. पण आमचे हे पंपांच्या दुकानात काउंटरवर असतात आणि चिखलात पाय घालायची वेळ आली की यांचा गुडघा दुखतो. त्यामुळे नांगरट तिची, पेरणी तिची, पाणी तिचं. यांचं काय, तर मत. ते मात्र भरपूर.

आता ठेकेदाराचं सांगते, म्हणजे माझा राग कुठून सुरू होतो ते कळेल. आमच्या भागात गहू कापायला त्याचे हार्वेस्टर येतात. पुढून कापायचं, पोटात मळायचं, दाणे टाकीत आणि भुसा मागे. घरातली सगळी माणसं आठवडाभर राबतील ते काम तासाभरात. पण ठेकेदाराचा रस्ता मोठ्या शेतांवरून जातो. दोनशे एकरवाला आधी, पन्नासवाला मग, आणि आमच्यासारख्यांना "उद्या". गेल्या वर्षी आमचा हा उद्या एकोणीस दिवस चालला. ताई रोज सकाळी एक ओंबी तळहातावर चोळायची, फुंकर मारायची, दाणा दाताखाली धरायची आणि फोन करायची. तिकडून, "ताई, उद्या नक्की." विसाव्या दिवशी पाऊस आला आणि तीन दिवस हलला नाही. उघडल्यावर आम्ही दोघी शेतात गेलो, तर उभ्या ओंब्यांतल्या दाण्यांना हिरवे कोंब फुटलेले. ठेकेदार त्याच्यानंतर दोन दिवसांनी आला, बांधाला लावलेल्या गाडीपाशी उभा राहिला आणि म्हणाला, "अरेरे." तो शब्द मला अजून आठवतो. त्याच्या गाडीच्या काचेवर टिचकी मारत म्हणाला होता.

ताई तेव्हा रडली नाही की भांडली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "पुढच्या वर्षी मी या माणसाला फोन करणार नाही. स्वतःचं मशीन घेईन. जुनं मिळेल ते."

"नऊ एकराला हार्वेस्टर?" हे म्हणाले. "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला."

खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं होतं. पण तिचा विचार पक्का होता. आमच्या आजूबाजूला आमच्यासारखीच सहा घरं आहेत, कोणाचे पाच एकर, कोणाचे सात. ठेकेदार सगळ्यांचा तोच आणि उद्याही तोच. त्यांचंही कापायचं. मशीन मोठं नको, फाटकातून आत यायला हवं आणि कोपऱ्यात वळायला हवं, कापायची रुंदी आठ फूट खूप झाली. पडद्यावर चुका दाखवणारं नको. "ते चूक दुरुस्त करत नाही, नुसती चुगली करतं." ज्याचे पट्टे आणि पाती कुठल्याही दुकानात मिळतील असं हवं. किती तास चाललं ते दाखवणाऱ्या मीटरकडे बघायचंच नाही, ते बदलता येतं. ब्रेकच्या पायपट्टीचं रबर बघायचं, ते बदलायचं कोणाला सुचत नाही. रंग नवा असेल तर संशय दुप्पट. आणि शेवटची अट अशी, की विकणाऱ्याला आधी न कळवता सकाळी लवकर जायचं आणि इंजिनाला हात लावायचा.

ताईचा फोन फक्त बोलण्यापुरता. म्हणून जाहिराती यांच्या फोनवर बघायची, पत्ते वहीत उतरवून घ्यायची. कुठे जायचं ते यांना गाडीत बसल्यावरच सांगायची. पण मला आदल्या दिवशी सांगायची, कारण सकाळी सहाला निघायचं तर डबा मलाच करायचा असायचा. आणि मी, शहाणी, संध्याकाळच्या चहाबरोबर ते यांना सांगायचे. गाडी यांनाच चालवायची होती. किती लांब जायचं ते कळलं तर पेट्रोल भरून ठेवतील, एवढाच माझा विचार. म्हणजे घरभेदी कोण, तर मी.

पहिलं मशीन जुन्या यंत्रांच्या व्यापाऱ्याकडे होतं. ट्रॅक्टर ओळीने उभे, कडेला आमचं मशीन, ताज्या लाल रंगात. व्यापारी सगळं यांच्याशीच बोलत होता. ताई त्याच्या नाकासमोरून गेली तरी त्याला दिसली नाही. तिने हात ठेवला.

"तापलंय," ती म्हणाली.

"अहो, तुम्ही येणार म्हणूनच तर..." व्यापारी सांगायला लागला.

"ताई नाही म्हणते म्हणजे नाही," हे मध्येच म्हणाले आणि गाडीकडे चालायला लागले. मला तेव्हा वाटलं, बहिणीच्या शब्दाला काय मान देतात.

दुसरं मशीन तीन भावांचं. आपसात पटेना म्हणून विकायला काढलेलं. त्याच्यावर तर हात ठेववेना इतकं गरम. ताईने विचारलं, "कुठल्या आजारावर पांघरूण घालताय?" त्यावर ते तिघे भाऊ कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच एका सुरात बोलले. जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

तिसऱ्या वेळी ताई गाडीत चक्क गप्पा मारत होती. वहीतला पत्ता तिने ओळखला होता. तिच्या खिडकीवर येणारे एक काका होते. दर वर्षी मोसमाच्या महिनाभर आधी यायचे, दोन फिल्टर आणि एक पट्टा घ्यायचे आणि जायचे. "सव्वीस वर्षांत हा माणूस तुटलेला तुकडा घेऊन माझ्यापुढे उभा राहिला नाही," ताई सांगत होती. "मोडायच्या आधी बदलणारा मी हा एकच बघितला. मी रांगेतल्या लोकांना यांचं उदाहरण द्यायचे." आता काकांना मशीनच्या शिडीची रोजची चढउतार होत नाही, म्हणून विकत होते. मशीन आठ फुटी, साधं, आणि किंमत तिच्या शिलकीत बसणारी. ताई म्हणाली, "याच्या इंजिनाला हात लावायचीही गरज नाही."

पण सवय ती सवय. काकांनी अंगण झाडून ठेवलं होतं, दोन खुर्च्या मांडल्या होत्या, त्यांची सून दारात ट्रे घेऊन उभी होती. ताई हसत पुढे गेली, हात ठेवला आणि तिचा चेहरा उतरला.

"काका, तुम्हीसुद्धा?" ती म्हणाली. "सव्वीस वर्षं मी लोकांना तुमचं नाव सांगत आले. माझीच अक्कल गहाण पडली होती."

काकांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण यांनी ताईचा दंड धरला, "चल ताई, कशाला कोणाच्या तोंडी लागायचं," आणि तिला गाडीत बसवलं. वाटेत हे स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरत होते.

"सगळी दुनिया चोर आहे, ताई," हे म्हणाले. "ठेकेदार जमीन करायला घेतो म्हणतोय. निम्मा गहू घरपोच. तू आता आराम कर."

याच्या आधी जेव्हा जेव्हा हा विषय निघाला तेव्हा ताईने एका शब्दात तो उडवून लावला होता. त्या दिवशी ती खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर गहू पिवळा पडायला लागला होता. मग म्हणाली, "बघू."

मला त्या "बघू"ने धस्स झालं. गेल्या वर्षीचे ते हिरवे कोंब बघूनही तिने हार मानली नव्हती. आता काकांसारखा माणूसही खोटा निघाला, तर कोणावर विसंबून तिने हट्ट धरावा?

चौथं मशीन रविवारी बघायचं ठरलं. शनिवारी संध्याकाळी मी मागच्या अंगणात चादरी पिळत होते. भिंतीच्या पलीकडे हे फोनवर बोलत होते. मी स्वयंपाकघरात आहे असं त्यांना वाटलं असणार.

"उद्या सातला येतोय. एक करा, साडेसहालाच मशीन सुरू करून ठेवा. चांगलं गरम होऊ द्या. आमच्या ताईला खोळंबा आवडत नाही."

पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं सांगू? बहिणीची किती काळजी घेतात. मग चादरीचं पाणी माझ्या पायावर पडत राहिलं आणि मी तशीच उभी राहिले. ज्या माणसाला गळका नळ दुरुस्त करायला फोन करायचा तर पंधरा दिवस लागतात, त्याने हे फोन मात्र वेळच्या वेळी केले होते.

मी भिंतीला वळसा घालून गेले. "किती जणांना केलात?"

यांना लाज वाटेल अशी माझी कल्पना होती. कसली लाज. "चौघांना," हे म्हणाले. "अगं, तिच्याच भल्यासाठी. साठीची बाई त्या मशीनवर चढणार. पडली तर निस्तरायचं कोणी? आणि मी खोटं काय बोललो? मशीन सुरू करून ठेवा म्हणालो. हात लावून मागे तीच फिरते."

म्हणजे हात तिचा, नियम तिचा, नकारही तिचा, आणि हे नामानिराळे.

"आणि ठेकेदाराशी काय ठरलंय?"

"ठरलं काही नाही. बोलणं झालंय." हे बुटाच्या टोकाने दगड उडवत होते. "तू यात पडू नकोस."

मी यातच होते, सुरुवातीपासून. पत्ते पुरवणारी मीच. ओली चादर तिथेच टाकली आणि शेडकडे गेले.

ताई तिथे खडूने जमिनीवर काढलेली चौकट पुसत होती. मशीन कुठे उभं राहील, दार उघडलं तर किती जागा उरेल, हे तिने महिन्यापूर्वी मापून आखलं होतं. आता पायाने पुसत होती. मी सगळं सांगितलं. स्वतःचंही.

"तिन्ही ठिकाणी?" तिने विचारलं.

"तिन्ही. उद्याच्यालाही."

ती उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसली. मला वाटलं आता घरात जाईल आणि भावाची सालटी काढेल. मी तर वाटच बघत होते. पण ती म्हणाली, "म्हणजे काका खोटं वागले नव्हते."

"नाही."

"त्यांच्या सुनेच्या देखत बोलले मी." तिने उठून पायाचा खडू झटकला. मग म्हणाली, "सकाळची पहिली बस किती वाजता?"

रविवारी सकाळी आम्ही दोघी सातच्या आत काकांच्या फाटकाशी होतो. चौथं मशीन बघायला जायचं नाही असं रात्रीच ठरलं होतं, त्यामुळे हे झोपले होते. काका गोठ्याच्या बाजूने आले आणि फाटक न उघडताच उभे राहिले.

"आता आणखी काय तपासायचं राहिलंय?"

"चुकलं माझं, काका," ताई म्हणाली.

वीस वर्षांत हे शब्द मी तिच्या तोंडून ऐकले नव्हते. मग तिने भावाचं सगळं सांगितलं, काही न लपवता, काही न वाढवता. काकांनी ऐकून घेतलं, पण त्यांचा राग उतरला नाही. उलट चढला.

"मी त्याला विचारलं होतं," काका म्हणाले. "म्हटलं, खिडकीताईंना तर गार इंजिन लागतं, सगळ्यांना माहीत आहे. तर म्हणाला, आता तसं काही नाही. वय झालं तिचं, थांबवत नाही. म्हणून मी उजाडायच्या आधी उठून मशीन तापवलं. अंगण झाडलं. आणि तुम्ही मला चोर ठरवून गेलात. हात लावलात, मला एक शब्द विचारला नाहीत."

"नाही विचारला," ताई म्हणाली.

"मग तुम्हाला मशीन द्यायचं नाही."

ताईने मान हलवली. मग म्हणाली, "घ्यायचं नाही ते नुसतं बघायला हरकत आहे?"

काकांनी तिच्याकडे बघितलं आणि फाटकाची कडी काढली. ताईने इंजिनावर हात ठेवला. गार होतं. काकांनी किल्ली पुढे केली. ती शिडी चढली, किल्ली फिरवली, आणि इंजिन एका दमात सुरू झालं. धुराचा एकच पांढरट झोत, मग स्वच्छ. खाली उतरून तिने झाकणं उघडली, पट्टे ओढून बघितले, पात्यांवरून अंगठा फिरवला, चाळणीत खांद्यापर्यंत हात घातला. पायपट्टीचं रबर बघून तर स्वतःशीच हसली. मग मशीनच्या मागच्या बाजूला गेली आणि मान तिरकी करून उभी राहिली.

"पंख्याच्या डाव्या अंगाचं बेअरिंग," ती म्हणाली. "मोसम काढणार नाही."

काकांनी सदऱ्याच्या खिशातून तेलकट कागदात गुंडाळलेली एक छोटी पुडी काढली आणि तिच्या हातावर ठेवली. नवंकोरं बेअरिंग होतं.

"गेल्या आठवड्यात आणलं," काका म्हणाले. "नव्या गिऱ्हाइकाला मशीनबरोबर द्यायचं म्हणून. तुमच्या खिडकीत आता जो बसतो त्याला नंबर लिहून द्यावा लागला. आधी कॉम्प्युटरमध्ये बघतो, मग मागे जाऊन बघतो, आणि मग म्हणतो उद्या या."

दोघंही त्या पुडीकडे बघत उभे होते. राग दोघांच्याही चेहऱ्यावर होता, पण आता तो एकमेकांवर नव्हता.

"देतो मशीन," काका म्हणाले. "पण ज्याने फोन केला त्याच्या तोंडून मला ऐकायचंय, कशासाठी केला ते. नाहीतर उद्या हाच चार लोकांत सांगेल, म्हाताऱ्याने मशीन तापवून फसवलं. आणि जे काय ते दुपारपर्यंत. संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय."

"मी त्याला सांगणार नाही," ताई म्हणाली. "त्याच्यापुढे हात जोडायचे तर ठेकेदार काय वाईट होता?"

"तुम्ही नका सांगू," मी म्हटलं. "मी सांगते."

दुपारी हे जेवायला बसले तेव्हा मी ताट वाढलंच नाही. यांचा फोन आणून समोर ठेवला. "आधी हे. मग जेवण."

"काय चाललंय?"

"काकांना फोन लावा. नंबर तुमच्याकडे आहेच. मशीन गरम करून ठेवा असं का सांगितलंत, ते त्यांना सांगायचंय."

हे ताईकडे बघायला लागले. ती समोर बसली होती. ती यांच्या हाताकडे बघत होती.

"मी नाही करणार. हा काय पोरखेळ आहे?"

"बरं," मी म्हटलं. "मग ठेकेदाराला लावते. काय बोलणं झालंय ते ताईच्या समोर विचारते."

यांनी फोन उचलला. मी स्पीकर चालू केला.

"मी बोलतोय. त्या दिवशी मशीनसाठी फोन केला होता तो."

"मोठ्याने बोला," काका तिकडून म्हणाले. "मला कमी ऐकू येतं."

डाव्या अंगाच्या बेअरिंगची कुरकुर ऐकून आठवडाभर आधी नवं आणणारे काका. यांनी पुन्हा सांगितलं.

"हां. आणि गरम कशासाठी करायला सांगितलंत?"

"ताईने..." यांचा आवाज बसला. "ताईने मशीन घेऊ नये म्हणून."

"ऐकू नाही आलं."

"ताईने मशीन घेऊ नये म्हणून!" हे ओरडले. शेजारच्या घरातली खिडकी उघडली, ती मी बघितली. यांनीही बघितली.

"आलं ऐकू," काका म्हणाले. "ताईंना म्हणावं, चारपर्यंत या. इंजिन गार ठेवतो."

फोन बंद झाला. हे म्हणाले, "ताई, अगं, माझा हेतू वाईट नव्हता. मी तुझ्याच..."

ताई उठली आणि पिशवी खांद्याला लावली. "दोनची बस आहे," ती म्हणाली. "वय झालं माझं. थांबवत नाही."

ते जे यांच्या तोंडावर बसलं, ते मी शंभर ताटं आपटली असती तरी बसलं नसतं. मी यांना जेवायला वाढलं. जेवले की नाही ते बघायला थांबले नाही. मला बस गाठायची होती.

त्याच संध्याकाळी मशीन आमच्या फाटकातून आत आलं. दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरली, ताईने मापलं होतं तेवढीच. ज्यांना तिने मनातून चोर ठरवलं होतं, त्यातल्या व्यापाऱ्याला आणि तीन भावांना तिने दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं, की चूक तुमची नव्हती. व्यापाऱ्याने परत विचारलं, "साहेब आहेत का?" तिने फोन ठेवून दिला.

बेअरिंग तिने स्वतः बसवलं. मशीन आल्यावर अकराव्या दिवशी ओंबी चोळली, दाणा दाताखाली धरला, आणि कोणालाही फोन केला नाही. स्वतःच्याच मशीनच्या इंजिनावर हात ठेवला आणि मग शिडी चढली. पहिल्या फेरीला मी बांधावर उभी होते. गेल्या वर्षीचा तो "अरेरे" आठवला आणि दातांवर दात आवळले गेले. दुपारी ठेकेदाराची गाडी रस्त्यावर थांबली. काच खाली करून त्याने हात केला, "ताई, आम्हाला सांगायचं होतं. उद्या आलो असतो." ताईने मशीन थांबवलं नाही. शेजारचे सातएकरवाले बांधावर मोकळ्या गोण्या घेऊन बसले होते, त्यांचा नंबर दुसऱ्या दिवशी होता.

चारच्या सुमारास हे शेतात आले. एका हातात चहाची किटली, दुसऱ्यात कप. गुडघा त्या दिवशी दुखत नव्हता. ताई खाली उतरली तेव्हा तिच्या पापण्यांवरही भुसा होता. यांनी कप भरला आणि तिच्यापुढे धरला. "गरम आहे," हे म्हणाले. "आत्ताच केला."

ताईने कप घेतला. मडगार्डवर ठेवला आणि त्याच्यावर उजवा तळहात झाकला. तशीच उभी राहिली, डोळे मिटून. मग हात काढला, कप तिथेच ठेवला आणि पात्यांत अडकलेलं गवत काढायला बसली. एकेक काडी काढत होती, घाई न करता. ते झाल्यावर पट्टा बघितला. पुढे चाळणी झटकली. मध्ये एकदा येऊन पुन्हा कपाला हात लावून गेली.

चहा पार गार झाला, तेव्हा तिने तो उचलला आणि एका दमात प्यायली. रिकामा कप यांच्या हातात दिला आणि शिडी चढली. हे तेवढा सगळा वेळ बांधावर किटली धरून उभे होते. मी त्यांना बसा म्हटलं नाही.